ओलं फडकं

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली असायची, पण ती पिण्यासाठी नसे. मे महिन्यात ऐन सिग्नलला गाडी मेली की तो बॉनेट उघडी, फडकं भिजवी आणि इंजिनाला खेटून बसलेल्या फ्युएल पंपावर टाकी. पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झालेली असे. पंप वाफच ढकलत बसे आणि कार्ब्युरेटर उपाशी राही. पाच-दहा मिनिटांत पंप निवला की गाडी चालू. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. फडकं मात्र अजून कामावर आहे.

जुनी गाडी बंद पडली की जाणता मिस्त्री आधी एकच विचारतो: पेट्रोल येत नाही की करंट? फडकं या प्रश्नाचं उत्तर देतं, पण त्यात एक फसगत आहे. त्या दहा मिनिटांत पंपाबरोबर इग्निशन कॉइलही निवते. म्हणजे गाडी सुरू झाली, तरी गुन्हेगार कोण ते कळलेलं नसतं. गरम झाल्यावर मरणारी आणि थंड झाल्यावर सोज्वळपणे चालणारी गाडी या धंद्यातलं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक. गॅरेजपर्यंत टोचन करून आणेस्तोवर ती बरी झालेली असते.

करंटची जुनी व्यवस्था साधी होती. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकसाठी उभी केलेली रचना थोड्याफार फरकाने पद्मिनीतही होती. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघड-मीट करणारा छोटा स्विच, मिटलेला असताना बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. पॉइंट उघडताक्षणी तो तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि १५-२० हजार व्होल्टचा झटका डिस्ट्रिब्युटरमार्गे प्लगला जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे ६००० वेळा घडतं. उघडण्याची फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की फट मिटत जाते आणि टायमिंग मागे पडतं. मालक म्हणतो, ‘गाडीत पूर्वीची ताकद नाही.’ अडल्या वेळी काडेपेटीच्या खरखरीत बाजूने पॉइंट घासून माणसं घरी पोचलेली आहेत. अंगठ्याएवढा कंडेन्सर गेला, तर पॉइंट काळा पडतो आणि ठिणगी निळी, कडक न उडता पिवळी, मरतुकडी उडते. म्हणजे निम्मं निदान डोळ्यांनीच व्हायचं. (प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरायची ती जुनी हौस इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत मात्र करू नये, मॉड्युल जळू शकतं.)

इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि दिसणारा पॉइंट गेला. त्याच्या जागी क्रँकजवळ सेन्सर आला: चुंबकाभोवती केसासारख्या तारेची गुंडाळी. दातेरी चाक समोरून फिरलं की तिच्यात बारीक वीज उमटते आणि ठिणगी कधी टाकायची ते कंप्युटर त्यावरून ठरवतो. तो निरोप आला नाही, तर बहुतेक गाड्यांत कंप्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. मिस्त्रीचा पहिला प्रश्नच निकालात निघाला.

मग स्कॅनर असतो की! असतो, पण त्याचं बोलणं नीट ऐकावं लागतं. ‘मिश्रण पातळ आहे’ असा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. चिरलेल्या रबरी नळीतून फाजील हवा शिरत असते आणि बिचारा सेन्सर खरं तेच सांगत असतो. सुझुकीच्या काही जुन्या इंजेक्शन गाड्यांत तर स्कॅनरही लागत नसे. ठरलेल्या दोन टोकांत वायरचा तुकडा अडकवला की चेक इंजिनचा दिवा लुकलुके: एकदा, मग दोनदा. हा १२ चा कोड, म्हणजे ‘तक्रार नाही’. गाडी रस्त्याच्या कडेला मेलेली आणि दिवा म्हणतोय तक्रार नाही!

आमची वीस वर्षांची हॅचबॅक खंबाटकीच्या चढावर अशीच मरायची. दोन ठिकाणी स्कॅनर लावून झाला, कोड नाही. एकाने कॉइल बदलली, दुसऱ्याने पंप. सुरूर फाट्याजवळच्या मिस्त्रींनी आधी गाडी उभ्या जागी पाऊण तास चालू ठेवली. आम्ही चहा घेतला, ते मात्र बॉनेटपाशी उभे. ती मेल्यावर त्यांनी ओलं फडकं पंपाला लावलं नाही, कॉइललाही नाही. पिळून, घडी करून फक्त क्रँक सेन्सरवर दाबून धरलं. ‘आता मारा सेल्फ.’ तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली.

‘बाकी सगळं अजून तापलेलंच आहे,’ ते म्हणाले, ‘थंड केलंय ते एवढंच.’

जुना सेन्सर मी मागून घेतला. घरी मल्टिमीटरला लावला तर साडेआठशे ओहम, अगदी बिनचूक. मग लांब वायरी जोडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उकळत्या पाण्यात सोडला. आकडा हळूहळू चढला, नऊशेच्या वर गेला, थरथरला आणि एकदम गायब झाला. मीटरच्या डाव्या कडेला नुसता १ उरला, म्हणजे आत तार तुटलेली. पाणी कोमट झाल्यावर आकडा परत आला. हे मी चार वेळा करून पाहिलं. ते पातेलं घरात पुन्हा चहाला वापरलं गेलं नाही.