कलंक मनात शिरतो तेव्हा

मणिपूरची सीमा म्यानमारला लागून आहे. ऐंशीच्या दशकात तिकडून येणारे हेरॉइन तेथील काही तरुण सुईने टोचून घेऊ लागले. एकच सुई अनेकांत फिरे. सुईत व सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तातून एचआयव्ही पसरला. १९८९-९० मध्ये तो या तरुणांत आढळला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना त्याची लागण झाल्याचे दिसले.

पुढे १ एप्रिल २००४ पासून भारतातील सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. तरीही अशा केंद्राची पायरी चढायला अनेक जण कचरतात. असे का होते?

समाज ज्याला सतत 'वाया गेलेला' म्हणतो, तो हळूहळू स्वतःलाही तसेच समजू लागतो. एचआयव्हीचे निदान झाले की ओझे दुप्पट होते. 'माझ्यासारख्याला औषध कशाला?' असे त्याला वाटते. बाहेरचा कलंक असा मनात उतरला, की माणूस तपासणी टाळतो, गोळ्या चुकवतो. लाज विसरण्यासाठी पुन्हा सुई घेतो आणि लाज आणखी वाढते.

हे चक्र तोडता येते. व्यसन म्हणजे केवळ दुबळे मन नव्हे. हेरॉइनला सरावलेल्या मेंदूला ते न मिळाल्यास अंगदुखी, उलट्या, अस्वस्थता असा त्रास होतो. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मेंदूतील त्याच ग्राहींना चिकटून हा त्रास आवरते. एचआयव्हीची औषधे नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. सुई मात्र प्रत्येकाने नवीच वापरायला हवी. हे समजले, की 'मी सर्वांना धोका आहे' ही भावना ओसरू लागते. त्याच वाटेने गेलेला सोबती भेटला, तर धीर येतो. 'मी नालायक आहे' हा मनात आलेला एक विचार आहे, ती वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखायला समुपदेशक शिकवतात.

पण कलंक बाहेरून येत राहिला, तर एकट्याने किती झुंजावे? २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही असलेल्यांशी शाळेत, नोकरीत वा रुग्णालयात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. भाषा मात्र आपणच बदलायला हवी. वर्गात 'गर्दुल्ला' हा शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा समोर बसलेल्या एखाद्या मुलाचा भाऊ किंवा वडील त्यातून जात असतील, हे आपल्याला ठाऊक नसते. ते मूल मात्र ऐकत असते. आणि घरच्या माणसाला मदतीसाठी कोठे न्यावे, हे आपल्याला विचारावे की नाही, ते तेव्हाच ठरवत असते.