स्कूबा डायव्हिंगनंतरची अंगदुखी : वातव्याधी ठरविण्यापूर्वी

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून आलेला पर्यटक खांदा किंवा कोपर दुखतो म्हणून आपल्याकडे येतो, तेव्हा श्रमजन्य वातप्रकोपाचे निदान हाताशीच असते. अभ्यंग, स्वेदन, योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा ही योजनाही लगेच सुचते. बहुतेक वेळा ती योग्यच ठरेल. पर्यटकांचे डुबकी मारणे उथळ व थोडा वेळ असते. कमरेचा शिशाचा पट्टा आणि पाठीवरचे सिलिंडर मात्र सवय नसलेल्या शरीरास पुरेसा त्रास देतात. तथापि काही रुग्णांत हेतू निराळाच असू शकतो.

पाण्यात १० मीटर खोलीवर दाब भूपृष्ठाच्या दुप्पट होतो. त्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात व विशेषतः मेदात अधिक विरघळतो. सावकाश वर आल्यास तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई केल्यास सोडावॉटरची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे शरीरातच सुटतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये हे प्रयोगांनी दाखविले. तत्पूर्वी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणताना, दाबाची हवा भरलेल्या पेटीतून बाहेर येणारे मजूर याच वेदनेने वाकत असत.

लक्षणे बहुधा २४ तासांच्या आत उमटतात. वेदना खोल व ठणकणारी असते. सांध्यावर शोथ नसतो, दाबल्याने वा हालचालीने ती फारशी वाढत नाही. आमवातापासून व्यवच्छेद करण्यास एवढे पुष्कळ आहे. त्वचेवर संगमरवरी डाग, भ्रम, पायांत सुप्ति, दौर्बल्य किंवा मूत्रावरोध आढळल्यास क्षणभरही थांबू नये.

येथे उपशयाची कसोटी फसवी ठरते. शेकाने बरे वाटेलही, पण उष्णतेने वायूची विद्राव्यता घटते व बुडबुडे वाढू शकतात. म्हणून स्वेदन व जोरकस मर्दन वर्ज्य. विरेचनही नको, कारण शरीरातील द्रवक्षय या विकारास पोषकच आहे. औषधालयचालकांनीही वेदनाशामक गोळी देण्यापूर्वी, 'सिलिंडर लावून पाण्यात गेला होतात का?' एवढे विचारावे.

रुग्णास आडवे निजवून मास्कने १०० टक्के प्राणवायू द्यावा आणि दाबकक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी आधी दूरध्वनीवर बोलावे. मुंबईत कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदल रुग्णालयाच्या आवारात या विषयाची स्वतंत्र संस्था आहे. प्राणवायूने दुखणे थांबले तरी पाठवणी रद्द करू नये. कोल्हापूरकडे पाठविताना मात्र आंबोली वा गगनबावड्याचा घाट आडवा येतो. ६०० मीटरांहून अधिक उंचीवर हवेचा दाब उतरतो व बुडबुडे फुगतात. म्हणून प्रवासातही प्राणवायू चालू हवा. निरोगी माणसानेही एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानात बसू नये.

मला अधिक काळजी वाटते ती पर्यटकांना घेऊन पुन्हापुन्हा पाण्यात उतरणाऱ्या स्थानिक मार्गदर्शक तरुणांची. वर्षानुवर्षे दाबाखाली काम करणाऱ्यांत खांद्याच्या व खुब्याच्या अस्थिशिराचा रक्तपुरवठा तुटून अस्थिनाश होऊ शकतो. प्रारंभी तो साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, एम.आर.आय.मध्ये दिसतो. अशा तरुणाची जुनाट खांदेदुखी संधिगत वात म्हणून महिनोन्‌महिने गुग्गुळकल्पांवर ठेवण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.