मितीतून साल काढताना

बडोद्यातल्या एका घरच्या मोडी पत्रांची यादी आमचं मंडळ करतंय. लिप्यंतर करताना मिती जशीच्या तशी एकाच रकान्यात उतरवली आहे: ‘शके १७९६ पौष वद्य ७’. पत्रं क्रमाने लावायची तर साल वेगळं हवं. शेकडो ओळी हाताने कोण करणार? म्हणून स्प्रेडशीटची सूत्रं वापरली.

मजकुराच्या मधला तुकडा काढतं ‘मिड’. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कोणता खण, कितव्या चिन्हापासून, किती चिन्हं. मी डोळ्यांनी मोजलं: श, के, मोकळी जागा, म्हणजे साल चौथ्यापासून. हाती आलं ‘१७९’! संगणक ‘के’ दोन धरतो, क आणि मात्रा. ‘श्री’ तर चार: श, हलन्त, र, वेलांटी. त्यामुळे साल पाचव्यापासून. पण काही मित्या ‘श्री शके’ अशा सुरू होतात, तिथे तेही चुकतं. मग मोजणं सोडलं आणि ‘फाइंड’ला ‘शके’ शोधायला लावलं:

=मिड(ए२, फाइंड("शके", ए२)+४, ४)

(सूत्राचं नाव आणि खण अर्थात इंग्रजीत टाइप करायचे. सालाचे आकडेही आम्ही इंग्रजीच ठेवतो, म्हणजे पुढे बेरीज करता येते.) ‘+४’च्या जागी ‘+९’ केलं की महिन्याची सुरुवात सापडते, तिथून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत महिना.

आता खरी चूक सांगतो. निघालेल्या शकात मी सरसकट ७८ मिळवले. वरचं पत्र १८७४ मध्ये जाऊन बसलं. पण शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन जानेवारीत. शके १७९६ चा पौष वद्य येतो जानेवारी १८७५ च्या उत्तरार्धात, आणि मल्हारराव गायकवाडांना अटक झाली त्याच महिन्याच्या मध्याला. म्हणजे अटकेनंतरचं पत्र यादीत अटकेच्या वर्षभर आधीचं झालं! तसंच वाचलं असतं, तर त्यातल्या सगळ्या कुजबुजीचा अर्थच उलटा लागला असता.

आता नियम असा: चैत्र ते कार्तिक ७८, माघ-फाल्गुन ७९. मार्गशीर्ष आणि पौष यांच्यातच जानेवारी कुठेतरी लागतो, म्हणून सूत्र तिथे खण रिकामा ठेवतं. ती मिती जंत्री उघडून हातानेच भरायची. आणि मूळ मितीचा रकाना कधीही पुसायचा नाही. सूत्र चुकलं, तर परत जायला तीच एक जागा असते.