महाविद्यालयांची क्रमवारी

निकाल लागले की कोणते महाविद्यालय पहिले, ही चर्चा घरोघर सुरू होते. ऑक्सफर्ड येथे सर आर्थर नॉरिंग्टन यांनी १९६० च्या दशकात यासाठी एक कोष्टक सुचविले. आज त्यात प्रथम वर्गास ५ गुण, द्वितीय वर्गाच्या वरच्या श्रेणीस ३, खालच्या श्रेणीस २ व तृतीय वर्गास १ गुण मिळतो. शंभर विद्यार्थ्यांपैकी २० प्रथम वर्गात, ५० द्वितीयच्या वरच्या व ३० खालच्या श्रेणीत आले, तर ५०० पैकी ३१० गुण, म्हणजे शेकडा ६२.

हिशेब चोख आहे. परंतु मोजले काय? भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेथे दल्ली-राजहरा येथील लोहखनिज येते. खनिजाची प्रत न पाहता केवळ लोखंडावरून भट्टीची पारख कोणी करीत नाही. महाविद्यालयासही हाच न्याय लावावा. निवडक मुले घेऊन उत्तम निकाल लावणे निराळे, आणि घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना द्वितीय वर्गापर्यंत नेणे निराळे. कोष्टकात मात्र हे दुसरे कार्य खालीच दिसते. म्हणून पाल्याचा प्रवेश ठरविताना क्रमांकासोबत हेही विचारावे, की तेथील विद्यार्थी आले तेव्हा कोठे होते? त्या दोहोंमधील अंतर, तेच अध्यापनाचे खरे माप होय.