अळिंबीचे व्हायरसजन्य रोग
अळिंबीचे व्हायरसजन्य रोग : बटन अळिंबीवरील (ॲगॅरिकस बायस्पोरस) ‘ला फ्रान्स’ हा यांपैकी प्रमुख रोग होय. त्याचे पहिले वर्णन १९५० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९६२ मध्ये इंग्लंडात एम्. हॉलिंग्ज यांनी रोगट अळिंबीत व्हायरसाचे कण दाखवून दिले.

रोगट कवकजाल सावकाश वाढते व वाफ्यांत पीकरहित पट्टे पडतात. दांडे लांब व बारीक होतात. टोप्या लहान राहून अकाली उघडतात. अपुऱ्या वायुवीजनानेही दांडे लांबतात. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा द्विसूत्री आरएनए तपासून निदान निश्चित करतात.

रोगप्रसार बीजुकांमार्फत व कवकतंतू परस्परांशी जुळून होतो. सुपा (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) परिसरासारख्या कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यात हे पीक थंड केलेल्या बंदिस्त खोल्यांतच घेता येते, तेथे खेळत्या हवेबरोबर बीजुके सर्वत्र पसरतात.

रोगट पीक बरे करण्याचा उपाय नाही. त्यामुळे रोगमुक्त बियाणे वापरणे, हवा गाळून घेणे व टोप्या उघडण्यापूर्वी काढणी करणे आवश्यक असते. लाकडी तबकांत उरलेले कवकजाल पुढील पिकास बाधते. त्यासाठी हंगामाअखेर खोली तबकांसह वाफेने सु. ७०° से. तापमानास १२ तास तापवितात.