नदीतला मासा तळ्यात आल्यावर

नदीतून किंवा धरणातून पकडून आणलेला मासा तळ्यात सोडला की पुष्कळदा तो खाद्याकडे फिरकत नाही. हळूहळू बारीक होतो आणि काही वेळा दगावतो. अशा वेळी मत्स्यसंवर्धक पाण्याला दोष देतात. पाणी तपासावेच, परंतु एक कारण माशाच्या पोटातही असते.

आतड्यातील जिवाणूंचे काम

गाईम्हशींच्या कोठीपोटातील जिवाणू चारा पचवितात, हे आपणास ठाऊक आहे. माशाच्या आतड्यातील जिवाणूही पचनास मदत करतात, जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. तिलापियाला ब-१२ जीवनसत्त्व खाद्यातून द्यावे लागत नाही. ते त्याच्या आतड्यातील जिवाणूच तयार करतात.

बंदिस्त पाण्यात काय बदलते?

नदीत मासा प्लवंग, शेवाळ, किडे, अळ्या असे नाना प्रकारचे अन्न खातो व त्याबरोबर निरनिराळे जिवाणू पोटात जातात. हौदात किंवा तळ्यात रोज एकच खाद्य मिळाले की जिवाणूंचे प्रमाण बदलते आणि अनेकदा त्यांचे प्रकारही कमी होतात. पकडणे, वाहतूक, गर्दी आणि उपास यांचा ताण पडून माशाची प्रतिकारशक्ती घटते. मग एरोमोनाससारखे जिवाणू, जे निरोगी माशातही असतात, संधी साधून रोग निर्माण करतात.

मात्र सगळेच जिवाणू बदलतात असे नाही. भारतातील नैसर्गिक पाण्यातून पकडलेले झेब्रा मासे आणि प्रयोगशाळेत वाढविलेले झेब्रा मासे यांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दोहोंच्या आतड्यांत जिवाणूंचा एक मुख्य गट समान आढळला. म्हणजे घर बदलले तरी माशाचे शरीर काही जिवाणू धरून ठेवते. त्यांना सांभाळणे आपल्या हाती आहे.

घ्यावयाची काळजी

१. बाहेरून आणलेले मासे एकदम तळ्यात सोडू नयेत. प्रथम वेगळ्या हौदात ठेवून निरीक्षण करावे.

२. सुरुवातीस नैसर्गिक अन्न द्यावे. कोंडा-पेंडीचे प्रमाण हळूहळू वाढवावे. एका दिवसात खाद्य बदलू नये.

३. कार्प माशांच्या तळ्यात शेणखत योग्य प्रमाणात देऊन प्लवंगांची वाढ करून घ्यावी. प्लवंग असल्यास मासा एकाच खाद्यावर अवलंबून राहत नाही.

४. बुरशी लागलेली पेंड वापरू नये. उरलेले खाद्य तळाशी कुजू देऊ नये.

५. मासा खात नाही म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविके देऊ नयेत. त्यांनी रोगजंतूंबरोबर उपयोगी जिवाणूही मरतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या औषधांवर तर मत्स्यसंवर्धनात बंदी आहे.

६. शक्यतो खात्रीच्या बीज केंद्रातील मत्स्यबीजच वापरावे. ते लहानपणापासून बंदिस्त पाण्यास सरावलेले असते.

मत्स्यसंवर्धक बंधूंनो, आपण टाकलेल्या खाद्यावर माशाबरोबर त्याच्या पोटातील जिवाणूही जगतात. खाद्य बदलताना त्यांनाही जुळवून घेण्यास वेळ दिला, तर नुकसान निश्चितच कमी होईल.