यंत्राचे नाक आणि गावाचा भोंगा

विषारी वायू सुटला की नाही, हे ओळखण्यास कामगाराजवळ पूर्वापार दोनच साधने : नाक आणि डोळे. भोपाळला २ डिसेंबर १९८४ च्या रात्री यांच्यावरच भिस्त राहिली. तेथील मिथाइल आयसोसायनेट हे द्रव्य सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळते. म्हणून ते थंड ठेवायचे. पण शीतयंत्र कित्येक महिने बंद होते. ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले द्रव्य तापले आणि सुमारे ४० टन विष हवेत गेले. टाकीला तबकड्या होत्या. परंतु त्यांच्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. पाळीवरच्या माणसांना पहिली वर्दी दिली ती चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी.

ही वर्दी उशिराची का, ते पाहा. कामाच्या जागी या वायूची मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग. डोळ्यांना पाणी येते ते दहा लाखांत दोन भाग झाल्यावर, म्हणजे शंभरपट! वास तर तेव्हाही येत नाही. सेन्सर हवा तो येथे. विषारी वायूंसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरात वायू पातळ पडद्यातून लहानशा घटात शिरतो, रासायनिक क्रिया होऊन वीज वाहते. वायू जितका अधिक, तितकी वीज अधिक.

परंतु सेन्सर आपल्या जागेपुरतेच सांगतो. वायू पुढे कोणत्या वस्तीत शिरेल, हे संगणकावरचे गणित सांगते. त्याला मॉडेल म्हणतात. किती वायू सुटला, वारा कोठून व किती वेगाने वाहतो, रात्र थंड आहे काय, जमीन उंच की सखल, हे त्याला पुरवावे लागते. हा वायू हवेच्या सुमारे दुप्पट जड. थंड रात्री तो वर न चढता जमिनीलगत पसरतो. वाऱ्याबरोबर पळणारा माणूस वायूबरोबरच पळत असतो. वाऱ्याला आडवे निघावे. मॉडेलचा नकाशा हाती असेल, तर कोणी कोणीकडे निघावे हे वस्तीला वेळेत सांगता येते.

तथापि यंत्र आपण होऊन गाव जागे करीत नाही. भोपाळचा भोंगा सुरू होऊन लवकरच बंद करण्यात आला होता. पुढे १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देण्याचे बंधन मालकांवर आले. त्याचा उपयोग विचारणाऱ्यालाच होतो. सेन्सर ठरावीक मुदतीने तपासतात काय? आकडा पाळीवरच्या माणसाला दिसतो काय? भोंगा वाजवण्यासाठी साहेबाला उठवावे लागते काय? आम्ही हे प्रश्न फाटकाच्या आतून विचारतो. नागरिकांनी ते बाहेरून विचारावेत. कारण वायू सुटल्यावर आतला आणि बाहेरचा हा भेद राहत नाही.